भूक की भस्म्या? कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका आहारतज्ज्ञाकडच्या चार भेटी

आधी पैशाचं सांगतो, कारण आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न तोच आला. आहारतज्ज्ञ मॅडमची पहिली भेट ८०० रुपये, पुढची प्रत्येक ५००. त्याच जागेत आतल्या खोलीत समुपदेशक मॅडम बसतात, त्यांचे १०००. मी बाहेरच्या मॅडमकडं चारदा गेलो, आतल्यांकडं तीनदा. झाले ५३००. एक दोस्त म्हणाला, "एवढ्यात बुटांचा नवा जोड आला असता की मर्दा." आला असता. पण घोटाळा पायात नव्हता.

नाव लिहीत नाही. मॅडमनीच जाहिरात नको म्हणून सांगितलंय, आणि पुढं ज्या तक्रारी करणार आहे त्या नावासकट करणं मलाही बरं वाटत नाही. राजारामपुरीत, एका गल्लीत, पहिला मजला. खाली बेकरी. संध्याकाळी सहाला भट्टीतनं खारी निघते आणि तिचा वास थेट वेटिंगच्या खुर्च्यांपर्यंत चढतो. खाण्यावर ताबा राहत नाही म्हणून आलेल्या माणसानं तिथं तासभर बसायचं. जागा बघताना कुणाच्या हे ध्यानात कसं आलं नसेल, देव जाणे.

आता मी का गेलो ते. माझं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग. वय ४३. दोन वर्षांमागं वजन ८८ झालं आणि उपाशीपोटीची साखर कडेला आली, म्हणून रंकाळ्याला चालायला लागलो. चालता चालता पळायला लागलो. मग ग्रुप मिळाला, मग २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन पळायची खाज सुटली. वजन ७८ वर आलं आणि तिथंच अडकलं. तेव्हा मोबाईलवरनं एक बारा आठवड्यांचा प्लॅन विकत घेतला. त्या ॲपचंही नाव घेत नाही. त्यानं मला दिवसाला १४०० कॅलरी दिल्या. पळण्याच्या वेगळ्या देत नव्हतं, "वजन लवकर उतरतं" म्हणून.

हे गणित मी धंद्यात केलं असतं तर दुकान कधीच बंद पडलं असतं. पळताना ढोबळ मानानं दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागं एक कॅलरी जाते. ७८ किलोचा माणूस रविवारी १८ किलोमीटर पळला तर १४०० च्या घरात गेल्या. म्हणजे दिवसाचा सगळा कोटा सकाळी आठ वाजता रस्त्यावर सांडला. वर माझ्या वया-उंचीच्या माणसाला नुसतं अंथरुणात पडून राहायलाही १६०० च्या आसपास लागतात. हा हिशोब मॅडमनी पहिल्याच भेटीत एका जुन्या पावतीच्या पाठीमागं मांडून दाखवला. मी तो कागद खिशात घालून आणला, अजून पाकिटात आहे.

प्लॅनच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यापासनं घरात बोलणी सुरू झाली. आई म्हणाली, "भस्म्या झालाय काय रे तुला?" जुन्या माणसांचा शब्द, कितीही घातलं तरी भस्म होतं तो रोग. ग्रुपवरचे म्हणायचे, "पळतोस की भावा, खा की! आमच्यात ह्याला भूक म्हणत्यात." दोघांचं खरं वाटायचं. सकाळी एकाचं, रात्री दुसऱ्याचं.

मॅडमकडं गेलो तो एका रविवारची कबुली द्यायला. त्या दिवशी शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रोडनं केर्लीच्या बाजूला जाऊन परत, असं १८ किलोमीटर झालं. परत आल्यावर अर्धा-पाऊण तास पाणीसुद्धा नको वाटत होतं. बाकीचे मिसळीला बसले, मी नुसता बसलो. आणि मग एकदम आली. दोन मिसळ, कट तीनदा मागितला, ब्रेडच्या स्लाइस किती ते वाढप्यानंच मोजलं: अकरा. घरी येऊन अंघोळ केली आणि साडेबाराला परत पाटावर. रविवार म्हणजे मटण, तांबडा-पांढरा. चार भाकरी, भात, पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या किती ते विचारू नका. बायको वाढत होती, पोरगी हसत होती, "पप्पा, आमच्यासाठी ठेवा." मग दोन तास मेल्यासारखा झोपलो. उठून ॲपमध्ये सगळं भरलं तर पडदा लालभडक. तेव्हा पहिल्यांदा इंटरनेटवर "बिंज इटिंग" हा शब्द शोधला, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाणं, आणि मला तेच झालंय अशी खात्री करून घेतली.

मॅडमकडच्या पहिल्या भेटीची सुरुवात वाईट गेली. साडेपाचची वेळ, आत घेतलं सहा चाळीसला. भरायला चार पानी फॉर्म दिला तो सगळा इंग्रजीत. माझं भागलं, पण शेजारी एक मावशी सुनेला विचारून विचारून भरत होत्या. त्यातला एक प्रश्न "तुम्ही लपून खाता का" असा होता. तो सुनेला विचारून कसा भरायचा? काउंटरवरची मुलगी मोठ्यानं, "ते जास्त खाण्याचं कोण आहे?" म्हणाली आणि अख्खी खोली माझ्याकडं वळली. ह्याचा मी एक स्टार कापलाय.

आत मात्र वेगळा कारभार. वजनकाट्यावर पाठमोरं उभं केलं. आकडा मॅडमनी बघितला, लिहिला, मला सांगितला नाही. मी वळायला लागलो तर म्हणाल्या, "राहू द्या, आज तो तुमच्या कामाचा नाही." मग मी रविवारची सगळी हकीकत सांगितली, आरोपी पिंजऱ्यात सांगतो तशी. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"जेवताना दारावरची बेल वाजली असती तर काय केलं असतंत?"

"काय करायचं? दार उघडलं असतं. कोण असेल त्याला म्हटलं असतं, या, बसा, ताट वाढतो."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "असं कधी खाल्लंय का, की बेल वाजली असती तर दार उघडलं नसतं?"

मी गप्प बसलो. खालनं खारीचा वास येत होता.

त्या रविवारनंतरचा बुधवार. पळणं नव्हतं. एका फाउंड्रीला दिलेले ६० नग बोअर मोठं झालं म्हणून रिजेक्ट होऊन परत आले होते, मालही गेला आणि मजुरीही. रात्री प्लॅनप्रमाणं जेवलो: दोन फुलके, दुधीची भाजी, काकडी. ११ वाजून ४० मिनिटांनी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावला नाही. फ्रिजचं दार अर्धं उघडलं की जेवढा उजेड पडतो तेवढा पुरतो, हे मला माहीत होतं, म्हणजे ही पहिली वेळ नव्हती. भडंगाचा डबा काढला. भडंग चावलं की आवाज होतो, म्हणून तोंडात धरून मऊ करून गिळत होतो. मग खारी, पोरीच्या सहलीसाठी आणलेली पाव किलोची पुडी, ती अख्खी. मग गूळ. फोडायला बत्ता घेतला तर घर जागं होईल, म्हणून दातानंच तोडला. मग पातेल्यातला सकाळचा गार भात, उभ्यानं, चमचा न घेता. भूक होती का? जेवून दोनच तास झाले होते. चव कशाचीच आठवत नाही. पोट दुखायला लागल्यावर थांबलो, तेही हातानं थांबवलं नाही, दुखण्यानं थांबवलं. पुडीचा कागद घडी करून कचऱ्याच्या डब्यात देठांच्या खाली सारला.

सकाळी पोरीनं विचारलं, "पप्पा, माझी खारी?" म्हटलं, "कारखान्यातल्या पोरांना दिली गं." तिनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. आठवीत आहे, कळतं सगळं.

हे मी ॲपमध्ये भरलं नव्हतं. मॅडमनाही सांगणार नव्हतो. माझ्या लेखी तो "किरकोळ तोंड चाळवणं" होता आणि रविवारचं मटण हा गुन्हा. मॅडमनी दोन्ही उलटे करून माझ्यापुढं ठेवले. रविवारची भूक होती, उशिरा आलेली. बुधवारचं जे होतं त्याच्याबद्दल आपण बोलूया, म्हणाल्या.

उशिरा का आली, तेही सांगितलं. जोराचा व्यायाम झाला की भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक काही वेळ खाली जातं, म्हणून पळून आल्या आल्या घास नको वाटतो. शरीर विसरत मात्र नाही. दोन-चार तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वसूल करतं. म्हणून लांब पळणाऱ्याला सोमवारी ऑफिसात बसल्या बसल्या भूक लागली तर त्यानं स्वतःला हावरट म्हणायचं कारण नाही. आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. मिसळीच्या अकरा स्लाइस त्या वीस मिनिटांच्या आतल्या होत्या.

मी म्हटलं, मॅडम, म्हणजे आमच्या कॉम्प्रेसरसारखं. टाकीतला दाब पडला की मोटर सुरू, भरला की प्रेशर स्विच बंद करतो. रविवारी टाकी खरंच रिकामी होती, स्विच जरा उशिरा पडला एवढंच. बुधवारी टाकीत हवा होती तरी मोटर चालू झाली आणि स्विच चिकटून बसला. त्या म्हणाल्या बरोबर, फक्त एक चूक आहे, टाकी बुधवारीही भरलेली नव्हती. पाच आठवडे अर्धीच भरत होता तुम्ही.

इथं त्यांनी जी गोष्ट सांगितली तिच्यासाठी मी पुन्हा एकदा ८०० रुपये देईन. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना नंतर कसं खायला घालायचं हे शोधायला. पोरं स्वतःहून आली होती. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १६०० च्या आत कॅलरी, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. पोरांचं वजन पाव हिश्शानं उतरलं. पण त्यांच्या डोक्यात दिवसभर खाणंच. काहीजण पाककृतीची पुस्तकं जमवायला लागले. आणि प्रयोग संपून पोटभर मिळायला लागल्यावर काहीजण पोट फुटेस्तोवर खायचे, तरी भूक संपायची नाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला ॲपनं १४०० दिल्या आणि तुम्ही आठवड्याला ४० किलोमीटर पळता." पुढं काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

हे आमच्या आजोबांना त्या ३६ जणांना न भेटता माहीत होतं. आजोबा गंगावेशीच्या बाजूला तालमीत होते. खासबागेत कुस्ती धरलेले, जिंकल्याचं मात्र कधी बोलायचे नाहीत, त्यावरनं काय ते समजा. मला लहानपणी पहाटे घेऊन जायचे. त्यांच्यात भुकेला कोणी लाजायचं नाही. मेहनत तशी खुराक, हा हिशोब. बैठका वाढल्या की दूध वाढायचं, बदामाची थंडाई वाढायची. वस्ताद पोरांच्या अंगाकडं बघायचा तसाच ताटाकडं बघायचा, आणि कमी जेवणाऱ्याला बोलणी बसायची. आणि खाणं सगळ्यांचं एकत्र, बसून, वेळेला. तिथं कोणी फ्रिजच्या उजेडात खात नव्हतं, एक तर फ्रिज नव्हता. फार गोडवेही गात नाही. कुस्ती सुटली तरी आजोबांची खुराक सुटली नाही आणि साठीत साखर लागली. आणि आता मॅटवरच्या वजनगटांसाठी पोरं कुस्तीच्या आधी पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवतात आणि वजन झालं की तुटून पडतात. तालीमही काही ह्यातनं सुटलेली नाही.

मॅडमनी औषध दिलं नाही, पावडर विकली नाही, डबेही नाहीत. एक कागद दिला. वेळ, काय खाल्लं, कुठं आणि कोणाबरोबर, आणि त्याच्या आधी काय चाललं होतं. कॅलरीचा रकाना नाही. ॲप काढून टाका म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि तिसऱ्या भेटीपर्यंत काढलं नाही, गुपचूप भरत राहिलो. त्यांना कळलं, कारण माझ्या कागदावर "अर्धी वाटी" आणि "४० ग्रॅम" असली मापं यायला लागली होती. कोण शेंगदाणे ग्रॅममध्ये खातं?

नियम म्हणावा तर एकच, तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ रिकामं राहायचं नाही. आणि पळून आल्यावर भूक नसली तरी तासाच्या आत काहीतरी पोटात घालायचं, केळं म्हणा, दूध म्हणा. दूध म्हटल्यावर मी गंगावेशीचा दूध कट्टा काढला. तिथं म्हशी समोर उभ्या असतात आणि धार काढून ग्लास हातात देतात. गरम, फेसाचं, धारोष्ण. मॅडम म्हणाल्या, कच्चं दूध नको, उकळून प्या. आरोग्याच्या दृष्टीनं त्यांचंच बरोबर आहे, जंतू असतात. पण कट्ट्यावर उभं राहून "जरा उकळून देता का" म्हणायचं धाडस माझ्यात नाही. आता घरी उकळून पितो आणि कट्ट्यावरनं जाताना मान खाली घालतो.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना अडवलं. म्हटलं, आमच्या जिमवाल्यानं सोपी परीक्षा सांगितलीय: भूक खरी असेल तर गार भाकरी आणि आमटीही चालते, खोटी असेल तर गोडच लागतं. त्या म्हणाल्या, थोडी खरी आहे, पण तिच्यावर विसंबू नका. आठवडाभर उपाशी ठेवलेलं शरीर पहिल्यांदा गोड आणि तळकटच मागतं, आणि ती भूक खरीच असते. शिवाय बुधवारी तुम्ही गार भात खाल्लात की. हे मला सुचलं नव्हतं. त्या जिमवाल्याचाच "आठवड्यातून एक चीट डे" होता, सहा दिवस दोर ताणायचा आणि सातव्याला सोडायचा. माझ्या कागदावर त्या सोडलेल्या दिवसांनंतरच्या रात्री बघितल्या तर बहुतेक सगळ्या काळ्या होत्या.

आता आतल्या खोलीबद्दल. पार्टिशन प्लायवूडचं आहे. मी माझं सांगत असताना बाहेर कोणाच्या तरी मोबाईलवर मालिका चालू होती, ती मला शब्दन् शब्द ऐकू येत होती. म्हणजे माझंही तिकडं जात असणार. समुपदेशनाला हे चालत नाही. मी पहिली भेट जवळजवळ कुजबुजून काढली. सांगितल्यावर दुसऱ्या वेळी बाहेर पंखा मोठा लावला होता, हा उपाय आहे की काय माहीत नाही. समुपदेशक मॅडम फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असतात, आणि मंगळवारी गर्दी कमी.

त्यांचं काम मात्र नेमकं. मी विचारलं, मला हा आजार आहे की नाही, एकदा सांगून टाका. त्यांनी सांगितलं नाही, पण मोजतात कसं ते सांगितलं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ ह्या नियमावलीत २०१३ साली बिंज इटिंग डिसऑर्डर हा स्वतंत्र आजार म्हणून आला. थोड्या वेळात, म्हणजे दोनेक तासांत, इतर माणसं त्या परिस्थितीत खातील त्यापेक्षा उघडच जास्त खाल्लं जातं, आणि खाताना ताबा सुटल्यासारखं वाटतं. त्याच्या जोडीला भरभर खाणं, त्रास होईपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेनं एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, यांतल्या निदान तीन गोष्टी असतात. आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने. माझं तेव्हा पाच-सहा आठवडे झाले होते. "नाव लावायची घाई नको," म्हणाल्या, "पण तीन महिने व्हायची वाटही बघू नका."

मी म्हटलं, पण रविवारी मी बुधवारपेक्षा जास्त खाल्लं होतं. तर म्हणाल्या, म्हणून तर नुसत्या मापानं कळत नाही. कोणी दोन बिस्किटं खाऊनही ताबा सुटला म्हणून रडत येतं. तिथं माप छोटं, पण सुटलेला ताबा खरा, तेही हलक्यात घेत नाहीत. आणि कोणी लग्नात पंगतीला दहा जिलब्या खातो, ढेकर देतो, विसरून जातो. त्याला काही झालेलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र त्या थांबल्या. मी सहज बोलून गेलो होतो की त्या गुरुवारी नाश्ता टाळला आणि आठच्या जागी १२ किलोमीटर पळालो, "फेडायला". त्यांनी पेन खाली ठेवलं. असं किती वेळा केलंय? मी मोजलं, चारदा. खाल्लेलं फेडायला उपास करणं किंवा पळणं हे नेहमीचं झालं तर प्रकरण वेगळ्या दिशेला जातं, बुलिमियाच्या, म्हणाल्या. उलटी काढणं म्हणजेच बुलिमिया असं मला वाटायचं. पळणंही त्यात मोडू शकतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि ज्या पळण्यासाठी ग्रुपवर माझं कौतुक होत होतं, "आज १२? नाद खुळा!", ते पळणं हेच होतं.

ग्रुपमधल्या पोरींसाठी एक निरोप आहे, मॅडमनी मुद्दाम सांगायला सांगितलाय: पळणं वाढवल्यावर पाळी चुकायला लागली तर "फिट झाले" म्हणून खूश होऊ नका. खाणं कमी पडतंय, डॉक्टरांना दाखवा.

गुण किती आला ते प्रामाणिकपणानं सांगतो. वजन पहिल्या महिन्यात वाढलं. मॅडमनी आकडा सांगितला नाही, पण माझ्या पँटनं सांगितला. ॲपवाल्यांना हे चाललं नसतं. रात्रीचं प्रकरण आठवड्याला दोनदा होत होतं, गेल्या महिन्यात मिळून दोनदा झालं. गेलं नाही. एकदा जीएसटीची नोटीस आली त्या रात्री, आणि एकदा काही कारण नसताना. त्या दुसऱ्या रात्री मी कागदावर "कारण नाही" लिहिलं. आतल्या मॅडमनी त्याच्यावर अर्धा तास घालवला आणि शेवटी निघालं की दुपारचं जेवण मी चार वाजता जेवलो होतो, तेही उभ्यानं, लेथवर. रविवारी आता पळून आल्यावर पहिलं केळं, मग मिसळ. एक मिसळ, सहा-सात स्लाइस. मोजत नाही, वाढपी मोजतो, त्याला सवय लागलीय.

कोणी जावं? ज्याला खरी भूक आणि ताबा सुटणं दोन्ही एकत्र झालंय आणि कुठलं कुठलं ते सुटं करता येत नाही, त्यानं जावं. ज्याला नुसतं वजन उतरवायचंय त्यानं पैसे घालवू नयेत, इथं तक्ता मिळत नाही आणि मॅडम आकडाही सांगत नाहीत. उलट्या काढत असाल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर. पैशाची अडचण असेल तर काउंटरवर एक चिठ्ठी चिकटवलीय, ती मला पटली: टेलि-मानस, १४४१६, मानसिक आरोग्यासाठी सरकारची फुकटची फोनसेवा, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पाचपैकी साडेतीन. एक काउंटरवरच्या आवाजाचा कापला, अर्धा पार्टिशनचा. इंग्रजी फॉर्मचा कापणार होतो, पण गेल्या वेळी मराठी फॉर्म ठेवलेला दिसला. गाडी बेकरीसमोर लावू नका, बेकरीवाला ओरडतो.

चौथ्या भेटीनंतर मी त्याच्याकडनंच पाव किलो खारी घेतली. घरी टेबलावर उघडी ठेवली. पोरगी अभ्यासावरनं उठून आली, पुडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ही कारखान्यातल्या पोरांची का आपली?"

"आपली," म्हटलं.

तिनं चहा टाकला. मी तीन खाल्ल्या. चौथी जरा जास्त बुडवली तर ती तुटून कपातच पडली.